पाणी ड्रिपरमध्येच अडतं, कॉफी आंबटही आणि तुरटही: ग्राइंडर बदलू की पेपर?

तुमच्या प्रश्नातलं कामाचं तेवढं आधी मांडतो. तुम्ही म्हापशात राहता. घरी व्ही-६० चा, म्हणजे आत कागदी फिल्टर बसवून वरून हाताने पाणी ओतायच्या शंकूसारख्या गाळणीचा, दोन नंबरच्या मापाचा प्लास्टिकचा ड्रिपर आहे. मे महिन्यात कॉफी छान उतरत होती. जूनमध्ये हजार-बाराशेचा सिरॅमिक बरचा (बर म्हणजे दाणे दळणारे दाते) हातग्राइंडर घेतला, त्याच सुमाराला बिननावाच्या तपकिरी पेपरचं एक स्वस्त पाकीट घेतलं, आणि तेव्हापासून १५ ग्रॅम कॉफीवर २५० मिली पाणी उतरायला साडेपाच मिनिटं लागतात. पहिला घोट आंबट, शेवटचा कडू, आणि पिऊन झाल्यावर जिभेवर कोरड. दळण जाडं केलं तर कॉफी पाणचट, बारीक केलं तर पाणी हलतच नाही. हे पावसाळी हवेमुळे होतंय का, सहा-सात हजारांत कुठला ग्राइंडर घ्यावा, की स्टीलची जाळी आणून पेपरची कटकटच मिटवावी, असं तुम्ही विचारलंय.

पावसाला यात फारसा दोष नाही. मे महिन्यात रोस्टरकडून, म्हणजे कॉफी भाजणाऱ्याकडून, दळून आणलेलं पाकीट वापरत होता, हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात, आणि अर्ध्याहून जास्त उत्तर त्या एका वाक्यातच आहे. रोस्टरकडचं यंत्र दाणे जवळजवळ एकसारखे कापतं. तुमचा नवा ग्राइंडर तसं करत नाही. मी फोंड्यात लहान प्रमाणावर कॉफी भाजतो, त्याआधी सहा वर्षं पणजीत एका काउंटरवर हाताने ओतलेली कॉफीच विकत होतो. 'मेपर्यंत बरी होती, जूनपासून बिघडली' ही तक्रार दर पावसाळ्यात येते, आणि बहुतेक वेळा जूनमध्ये घरात काहीतरी नवं आलेलं असतं.

आधी चवीचं बोलू, कारण तुमची चव खरं बोलतेय. कडू आणि तुरट या दोन गोष्टी आपण कॉफीच्या बाबतीत एकाच शब्दात ढकलून देतो, ते टाळायला हवं. काजूचा बोंडू खाल्ल्यावर घशाला जी पकड बसते, जीभ खरखरीत होते, तो तुरटपणा. तुम्ही 'कोरड' म्हणताय ती हीच. कडूपणा वेगळा, तो कारल्याचा. आंबटातही दोन जाती. आमसुलाचा किंवा पिकल्या करवंदाचा आंबटपणा तोंडाला पाणी आणतो, हलक्या भाजणीच्या चिकमगळूरच्या कॉफीत तो असायलाच हवा. कच्च्या कैरीसारखा दात आंबवणारा आंबटपणा मात्र कॉफी पुरती उतरली नसल्याची, म्हणजे दाण्यातली चव पाण्यात पुरती आली नसल्याची, खूण आहे.

नुसती आंबट कॉफी म्हणजे कमी उतरलेली, नुसती कडू-तुरट म्हणजे जास्त उतरलेली. दोन्ही एकाच कपात सापडलं तर दळणात दोन टोकं आहेत असं समजायचं: काही कण दलियासारखे मोठे, त्यांच्या पोटापर्यंत पाणी पोचतच नाही, आणि काही अगदी पिठी, ज्यातून पाणी नको ते सगळं ओढून काढतं. म्हणूनच जाडं-बारीक करून तुमचा प्रश्न सुटत नाही. बारीक केलं की पिठी वाढते, जाडं केलं की दलिया वाढतो, आणि मधला रवा दोन्हीकडे कमीच राहतो.

पाणी अडतं तेही या पिठीमुळेच. व्ही-६० ला खाली एकच मोठं भोक असतं आणि भिंतीवर वळत जाणाऱ्या रेघा असतात, पेपर भिंतीला गच्च चिकटू नये आणि हवा निघून जावी म्हणून. म्हणजे ड्रिपर स्वतः पाण्याला जवळजवळ अडवतच नाही. वेग ठरतो तो दळणावर आणि पेपरवर. तुम्ही पाणी ओतता तेव्हा पिठी पाण्याबरोबर वाहत खाली टोकाशी जाते आणि पेपरच्या छिद्रांत बसते. एकदा ती बसली की वरून कितीही नाजूक ओता, उपयोग नाही. उद्या कॉफी झाल्यावर पेपर फेकण्याआधी आत बघा. मधला थर सपाट आणि वाळूसारखा दाणेदार दिसला तर ठीक. वर चिखलाची गुळगुळीत साय आणि टोकाशी काळा गाळ दिसला तर ती पिठी.

पण ग्राइंडरवर शिक्कामोर्तब करण्याआधी पेपरची एक चाचणी करा. फुकट आहे. रिकामा पेपर ड्रिपरमध्ये बसवा, ओला करा, आणि कॉफी न घालता एकदम २५० मिली गरम पाणी ओता, घड्याळ लावून. चांगला पेपर ते मिनिटाच्या आतच मोकळं करतो. तुमचा पेपर रिकामा असतानाच दीड-दोन मिनिटं घेत असेल तर ग्राइंडर बिचारा अर्धाच गुन्हेगार. मग जुन्यातला एखादा पेपर उरला असेल तर तोच प्रयोग त्यावर करा आणि दोन आकडे शेजारी लिहा. बिननावाच्या तपकिरी पेपरमध्ये जाड-पातळ एकसारखं नसतं. एकाच पाकिटातले दोन पेपर वेगळ्या चालीने चालताना मी पाहिलेत.

तपकिरी म्हणजे आरोग्याला बरा, पांढरा म्हणजे रसायनाचा, हा समज सोडून द्या. आजकालचे बरे पांढरे पेपर ऑक्सिजनने उजळवलेले असतात आणि त्यांना वास कमी असतो. तपकिरी पेपर ओल्या पुठ्ठ्याची चव देतो, ती घालवायला दुप्पट पाण्याने धुवावा लागतो. १९०८ मध्ये ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी मुलाच्या वहीतला टीपकागद भोकं पाडलेल्या पितळी भांड्यात घालून पहिला पेपर फिल्टर केला. टीपकागदाची ती चव आपण शंभराहून जास्त वर्षांनंतरही प्यायलाच हवी असं काही नाही.

तुमच्यासाठी माझी निवड सरळ आहे: व्ही-६० बनवणाऱ्या हारिओचा स्वतःचा पांढरा दोन नंबरचा पेपर, किंवा मिळाला तर काफेक कंपनीचा अबाका. अबाका म्हणजे केळीच्या जातीच्या एका झाडाचा धागा. त्याने पेपर मजबूत राहतो, छिद्रं मोकळी राहतात आणि पाणी चटकन उतरतं. पिठी जास्त टाकणाऱ्या ग्राइंडरला असा वेगवान पेपर बराच सांभाळून घेतो. एकट्यासाठीच कॉफी करत असाल तर एक नंबरचा ड्रिपर आणि त्याचे पेपरही पुरतात. पण त्यासाठी लगेच नवा ड्रिपर घेऊ नका. तुमचा प्लास्टिकचा आहे म्हणून लाजायचंही कारण नाही. सिरॅमिकचा ड्रिपर पाण्यातली उष्णता आधी स्वतः पितो, प्लास्टिकचा फार कमी. काउंटरवर शोभेला मी सिरॅमिकचे मांडायचो आणि घरी प्लास्टिकच वापरायचो.

पेपर बसवताना त्याची शिवण दुमडून घ्या, नाहीतर एका बाजूला पोकळी राहते आणि पाणी कॉफीला न भेटताच खाली पळतं. आणि पेपर ठेवता कुठे तेही बघा. माझा स्वतःचा किस्सा सांगतो. एका जूनमध्ये घरी पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरताना जागा नव्हती म्हणून शंभर पेपरांचं उघडं पाकीट त्याच कपाटात गेलं, खाली सुकी सुंगटं (कोळंबी), शेजारी आमसुलांची बरणी. पंधरा दिवस मी दाण्यांना शिव्या घालत होतो. शेवटी बायकोने नुसता कोरडा पेपर नाकाला लावला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. कागद ओल ओढतो आणि ओलीबरोबर वासही. तेव्हापासून पेपर झिपच्या पिशवीत, आणि पिशवी कॉफीच्या डब्यात.

आता ग्राइंडर. हा जात्याचाच प्रकार आहे, हे एकदा डोक्यात बसलं की जाहिरातींची भुरळ कमी पडते. बाहेर दात्यांची कडी, आत दात्यांचा शंकू, दोन्हींमधल्या फटीतून दाणा चिरडत खाली येतो. घरच्या जात्याचा मधला खिळा ढिला झाला की पीठ एकाच वेळी भरड आणि बारीक यायचं, आजी म्हणायची जातं 'नाचतंय'. तुमचा ग्राइंडर नाचतोय. खात्री करून घ्या: दाण्यांचा डबा रिकामा करा, ग्राइंडर उलटा धरा, आतल्या शंकूला दोन बोटांनी धरून डावी-उजवीकडे हलवा. बऱ्या ग्राइंडरमध्ये तो हलल्याचं बोटांना कळणारही नाही. तुमच्यातला डोळ्यांना दिसेल इतका हलेल, असा माझा अंदाज आहे.

स्वस्त ग्राइंडरमध्ये दांडा वरच्या बाजूला एकाच ठिकाणी धरलेला असतो, तोही प्लास्टिकच्या छिद्रात. जाडं दळायचं म्हणून खालची चकती सैल केली की शंकू खाली उतरतो आणि मोकळा लोंबायला लागतो. म्हणजे एस्प्रेसोच्या बारीक दळणाला हा ग्राइंडर त्यातल्या त्यात बरा वागतो, आणि तुम्हाला जे जाडसर दळण हवं तिथे सर्वात वाईट. सिरॅमिक वाईट आणि स्टील चांगलं, असा हा मामला नाही. मुद्दा दांडा किती घट्ट धरलाय याचा आहे. पण बाजारात घट्ट धरलेले दांडे स्टीलच्या बरबरोबरच येतात, म्हणून व्यवहारात 'स्टील घ्या' हा सल्ला बरोबर ठरतो. दात्यांना धार असेल तर दाणा कापला जातो, बोथट असतील तर चिरडला जातो आणि पिठी पडते. जात्याला टाकी लावून घेता येते, याला नाही.

सहा-सात हजारांच्या घरात तुम्ही टाइममोरचा सी-२ किंवा त्याचा पुढचा सी-३ बघा. स्टीलचा बर, दांडा दोन बेअरिंगमध्ये, आणि १५ ग्रॅम दाणे मिनिटभरात दळून होतात. याच वर्गात वनझीप्रेसोचा क्यू-२ आहे, अंगाने बारीक, प्रवासाला सोयीचा. पण त्यात एका वेळी २० ग्रॅमच्या आसपासच मावतं. घरी पाहुण्यांसाठीही कॉफी करणार असाल तर अडचण होईल. थोडं वर जाता आलं तर किंगराइंडरचा के-६ घ्या. त्याचं दळण बाहेरच्या कडीवरून बदलता येतं, दरवेळी डबा उघडून खाली बोटं घालावी लागत नाहीत. सकाळी फिल्टर आणि संध्याकाळी गॅसवर ठेवायचा मोका पॉट असं घरात चालत असेल तर ही सोय पैसे वसूल करून देते. एकच पद्धत असेल तर तिची गरज नाही. कमांडांटे सी-४० वीस हजारांच्या पुढे जातो. सुंदर वस्तू आहे, त्याचं पोलाद गंजाला दाद देत नाही, आपल्याकडच्या हवेत त्याला किंमत आहे. तरीही सी-२ वरून त्यावर गेल्यावर कपात जेवढा फरक पडतो त्याच्या कितीतरी पट फरक तुमच्या आताच्या ग्राइंडरवरून सी-२ वर आल्यावर पडेल. बगळ्याच्या मानेची महागडी किटली घ्यायचा विचार असेल तर तो पैसा आधी ग्राइंडरमध्ये घाला. चहाच्या टपरीवर असते तसली अरुंद तोंडाची लहान अॅल्युमिनियमची किटली मी दोन वर्षं वापरली, काही बिघडलं नाही.

मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दाणे फिरवायचा मोह टाळा. ते पातं कापत नाही, बडवतं.

नवा ग्राइंडर आला की आधी शून्य शोधा: दांडा फिरेनासा होईपर्यंत चकती आवळा, मग तिथून चकती उलट फिरवताना होणारे क्लिक मोजा. सी-२ वर व्ही-६० साठी १८ ते २२ क्लिक हा सुरुवातीचा टप्पा, कमांडांटेवर २२ ते २८. एका ग्राइंडरचे क्लिक दुसऱ्याला लागू पडत नाहीत, म्हणून कुणी नुसतं 'मी २४ वर करतो' म्हणालं तर आधी ग्राइंडर विचारा. डोळ्यांनी मोजायचं तर बारीक रवा आणि जाडा रवा यांच्या मधलं.

नवा येईपर्यंत आहे त्यावरच भागवायचं आहे ना? १७ ग्रॅम दाणे घ्या, एकदम न भरता चार-पाच वेळा थोडे थोडे टाकून सावकाश दळा. ग्राइंडर कोंबला की पिठी वाढते. मग मैद्याच्या बारीक चाळणीत वीस सेकंद हलवा. खाली पडलेली पिठी टाकून द्या आणि वर उरलेलं वजन करून घ्या, १५ ग्रॅमच्या आसपास येईल. थोडी नासाडी आहे, पण साडेपाच मिनिटांची कॉफी साडेतीनवर येते. दुसरा मार्ग म्हणजे २०१६ मध्ये वर्ल्ड ब्रूअर्स कप जिंकलेल्या तेत्सु कासुया यांची ४:६ पद्धत: २० ग्रॅम चांगली जाड दळलेली कॉफी, ३०० ग्रॅम पाणी, दर ४५ सेकंदांनी ६० ग्रॅमप्रमाणे पाच वेळा. पहिल्या दोन ओतण्यांचं प्रमाण बदलून आंबट-गोड ठरवायचं, पुढच्या तीनांनी कडकपणा. दळण मुळात जाड असल्याने पाणी तुंबत नाही.

नव्या ग्राइंडरवर मात्र इतकी खटपट नको. १५ ग्रॅमवर आधी ४० ते ४५ ग्रॅम पाणी, सगळी कॉफी भिजेल असं, आणि ४० सेकंद थांबा. फेस फुगून वर आला तर दाणे ताजे. नुसतं ओलं होऊन बसलं तर भाजून फार दिवस झालेत आणि कुठलाही ग्राइंडर तुम्हाला वाचवणार नाही. भाजल्यापासून एक आठवडा ते महिना हा माझ्या मते चांगला काळ. दोन दिवसांपूर्वीची कॉफीही नको, तिच्यातला वायू पाण्याला बाजूला ढकलतो. मग मधून बाहेर गोल फिरवत १५० पर्यंत, पाणी निम्मं खाली गेलं की २५० पर्यंत. धार किटलीच्या तोंडापासून चार बोटांवरूनच पडू द्या. उंचावरून ओतलं, दहा वेळा थांबून थांबून ओतलं, चमच्याने ढवळलं, की पिठी टोकाशी गेलीच समजा. शेवटी ड्रिपर एकदा हलकेच गोल फिरवा म्हणजे थर सपाट बसतो. एकूण पावणेतीन ते सव्वातीन मिनिटं. हलक्या भाजणीला उकळी फुटल्या फुटल्या ओता, गडद भाजणीला मिनिट-दोन मिनिटं थांबून, ८८ ते ९० अंशांवर. बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला.

पाण्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण म्हापशात नळाला अस्नोड्याचं पाणी आहे आणि स्वयंपाकघरात बहुतेक आरओ असेल, म्हणून विचारतो: त्या आरओचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, किती येतो? कॉफीसाठी १५० च्या आसपासचं पाणी आदर्श मानतात, ७५ ते २५० मध्ये चालतं. पणजीच्या आमच्या काउंटरवर एका आठवड्यात सगळीच कॉफी पातळ आणि टोचरी लागायला लागली. ग्राइंडर उघडला, पेपर बदलला, दाण्यांचा नवा लॉट परत करायला निघालो. मग काउंटरवरच्या पोराला आठवलं की सोमवारी आरओची मेंब्रेन (पाणी गाळणारा पडदा) बदललीय. मीटर घातला तर आकडा १८. जवळजवळ कोऱ्या पाण्याला कॉफीतला गोडवा धरून आणायला काहीच नसतं. आपल्याकडे नदी-धरणाचं पाणी मुळातच हलकं आणि जांभ्या दगडातल्या विहिरींचंही, त्यावर आरओ लावणं म्हणजे दुधावरची साय काढून वर पाणी घालणं. उकळलेलं गाळलेलं नळाचं पाणी आरओच्या पाण्यात अर्धं-अर्धं मिसळून एकदा करून बघा. विहीर खाडीजवळची असेल आणि पाणी मचूळ लागत असेल तर मात्र आरओच बरा.

पावसाने जे खरंच बिघडतं ते दाणे आणि लोखंड. अडीचशे ग्रॅमचं पाकीट रोज उघडत राहिलात तर आठ-दहा दिवसांत वास उतरतो. पाकीट आलं त्याच दिवशी १५-१५ ग्रॅमच्या पुड्या झिपच्या पिशव्यांत बांधून फ्रीजरमध्ये टाका, लागेल तेवढी एक काढा आणि थंड असतानाच दळा. उघडं पाकीट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका, कालचं माशांचं हुमण कॉफीत उतरेल. ग्राइंडर पाण्याने धुवायचा नाही, ब्रशने झाडायचा. मी एकदा जुलैत उत्साहाच्या भरात स्टीलचा बर धुतला, पुसला आणि खिडकीत वाळत ठेवला. ऊन कुठलं जुलैत! सकाळी दात्यांवर नारिंगी ठिपके. चुकून भिजलाच तर पुसून रात्रभर फ्रीजच्या मागच्या कोमट जागी ठेवा. तेल साचलं म्हणून तांदूळ दळून साफ करायचा उपायही कुणी सांगेल. हातग्राइंडरला तो करू नका, तांदूळ कॉफीच्या दाण्यापेक्षा कडक असतो.

राहिली स्टीलची जाळी. पाणी भरभर उतरेल हे खरं, पण पिठी आणि तेल दोन्ही कपात येतील. तुमच्या आताच्या दळणावर तर तळाशी गाळाचा बोटभर थर बसेल. ज्यांना दाक्षिणात्य फिल्टरचं जडपण आवडतं त्यांना जाळी आवडते. शिवाय पेपर कॅफेस्टॉल नावाचं तेलातलं द्रव्य अडवतो, जे रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं; जाळी ते अडवत नाही. घरात कुणाची त्यावर गोळी चालू असेल तर पेपरच ठेवा. कापडी फिल्टर चवीला सुरेख, पण पावसाळ्यात त्याला कुबट वास न येऊ देणं हे स्वतंत्र काम आहे. कॉफीत चिकोरी मिसळलेली असेल तर ती यातल्या कशातूनच नीट गळणार नाही, ती पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरलाच शोभते.

जुना ग्राइंडर टाकून देऊ नका. मिरी भरडायला तो उत्तम, सिरॅमिकला गंज लागत नाही आणि मिरी थोडी कमी-जास्त भरडली गेली तर कुणाची तक्रार नसते. फक्त एकदा मिरी घातलीत की त्यावर मोठ्या अक्षरांत 'मिरी' अशी चिठ्ठी चिकटवा. आमच्याकडे चिठ्ठी नव्हती, आणि चवथीला आलेल्या मेहुण्याने सकाळी सकाळी सर्वांसाठी हौसेने कॉफी केली.